म्हातारी कुणाच्या वाटणीला?

आमच्या लोहारा भागात भावाभावांची वाटणी बसली की शेवटचा सवाल ठरलेला असे. बैलं, विहिरीच्या पाळ्या, भांडीकुंडी उरकली की पंच म्हातारीकडं वळत. जिवाई म्हणून एखादा एकर बाजूला निघे. ती ज्याच्याकडं जेवेल त्यानं ते रान कसायचं, तिचं दिवसकार्यही त्यानंच करायचं. शास्त्राप्रमाणं पोरांच्या वाटणीत आईला पोराइतका हिस्सा आहे. पण तलाठी म्हणून फेरफार लिहिताना तो मागणारी माय मला भेटली नाही.

आईचा ओढा धाकट्याकडं, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. धाकट्याचं लग्न शेवटी होई, म्हणून जुना वाडा बहुधा त्याच्याकडं राही आणि थोरले रानात घर बांधत. म्हातारी खरं तर वाडा धरून बसे. बळदातली ज्वारी, देवघर, माळवदावरचे सांडगे, सगळीकडं तिचाच हुकूम. माझ्या आजीला थोरल्यानं उमरग्याला चल म्हटलं, तेव्हा कनवटीच्या किल्ल्या चाचपत ती म्हणाली, "तिथं च्या प्यायचा तरी तुझ्या बायकूला इचारूनच ना?"

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानं हा हिशेबच मोडला. सास्तूर, राजेगाव, होळीची दगडमातीची माळवदं माणसांवर बसली. पुनर्वसनात जमीन पाहून २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. अडीचशे फुटांत कसलं बळद! आता वाड्याची आड उरली नाही, माणूसच निवडायचा होता. बऱ्याच जणी महिन्याच्या पाळीवर गेल्या, पिशवी घेऊन या दारातून त्या दारात.

लेकीचा पर्याय कागदावर होता. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानं डॉ. विजया आर्बट यांच्या खटल्यात लग्न झालेल्या लेकीवरही बापाच्या पोटगीची जबाबदारी टाकली. १९९४ च्या राज्य कायद्यानं लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. तरी लेकीकडं राहणाऱ्या म्हाताऱ्या होत्याच. "चार दिवस आलेय" म्हणत वर्ष काढायच्या.

कळंब, वाशी, भूमकडं गणित वेगळं. दिवाळीच्या आसपास जोडपं कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर निघालं की, ज्याची पोरं शाळेत त्याच्या घरी म्हातारीनं जायचं. उचलीतले थोडे पैसे हातावर ठेवत सून म्हणते, "आत्याबाई, वह्यांचं तेवढं बघा."