एक मूल, एक दात?

गटाच्या बैठकीत बाळंतपणाचा विषय निघाला की आम्हा बायकांत एक वाक्य हमखास येतं, "पोरं झाली आणि दात गेले." हिरड्या सुजतात, चूळ भरताना रक्त दिसतं, आणि आपण म्हणतो, बाळंतपणात असं चालायचंच.

ही समजूत फक्त आपली नाही. 'एक मूल, एक दात' अशी जुनी म्हण युरोपातही आहे. बाळ आईच्या दातांतला चुना ओढून घेतं, असं लोक मानत. पण तसं होत नाही. बाळाला लागणारं कॅल्शियम आईच्या आहारातून आणि कमी पडलं तर हाडांतून जातं, दातांतून नाही.

मग हिरड्या का सुजतात? याचं उत्तर १९६३ साली मिळू लागलं. हेराल्ड ल्यो आणि जॉन सिलनेस या नॉर्वेच्या दोन दंतवैद्यांनी १२१ गरोदर बायका आणि ६१ बाळंतिणी तपासल्या. गरोदर असलेल्या प्रत्येकीच्या हिरड्यांना सूज होती. आठव्या महिन्यात ती सर्वांत जास्त होती, नंतर उतरत गेली. गरोदरपणी शरीरातले संप्रेरक वाढतात, त्यामुळे थोड्या घाणीनेही हिरड्या लगेच सुजतात. बाळंतपणानंतर मात्र जिच्या दातांवर घाण जास्त, तिची सूज जास्त, असा सरळ हिशोब दिसला.

१९६५ मध्ये ल्यो यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात त्या बऱ्याही झाल्या.

आपल्याकडच्या इतिहासात आणखी एक गोष्ट आहे, मशेरी. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर या देशात आली, आणि पुढे भाजून, कुटून बायकांच्या दातांपर्यंत पोचली. तंबाखूने हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी दिसतं आणि आपल्याला वाटतं, मशेरीने गुण आला. आतून मात्र दाताचा आधार झिजत राहतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधातून निकोटिनही जातं. १९९२ मध्ये सरकारने दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण चुलीवर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? ते आपल्यालाच करावं लागेल.

बाळंतीण घरात असेल तर तिला सकाळी आणि रात्री मऊ ब्रशने दात घासायला पाच मिनिटं द्या. तेवढा वेळ बाळ सासूबाईंनी किंवा नणंदेने घ्यावं. रक्त आलं म्हणून घासणं थांबवू नये, हलक्या हाताने चालू ठेवावं. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरावी. एवढं करून दोन-तीन आठवड्यांत सूज उतरली नाही, पू आला किंवा दात हलायला लागला, तर दवाखाना गाठावा. दातावर घट्ट बसलेलं किटण ब्रशने निघत नाही, ते दंतवैद्यच काढतात. बाळ अंगावर पितं, हे डॉक्टरांना आधी सांगावं.

आई होण्यासाठी दात गमवावा लागत नाही. पुढच्या बैठकीत हे एकमेकींना नक्की सांगूया.