पिवळी चोच आणि सोनेरी गोंडा

विद्यार्थ्याला कोणत्या नावाने हाक मारली जाते, यावरून त्या विद्यापीठातील समाजरचना कळते. युरोपातील जुनी नावे पाहा.

पॅरिसमध्ये नवख्या विद्यार्थ्याला ‘बेक जोन’, म्हणजे पिवळ्या चोचीचे पिल्लू म्हणत. जर्मन विद्यापीठांत तोच ‘बेआनुस’ झाला. त्याला शिंगे लावायची, जनावर ठरवायचे, मग ती कापून ‘माणूस’ करायचे आणि वर मेजवानीचा खर्चही त्याच्याच माथी मारायचा. आज आपण याला रॅगिंग म्हणतो, तेव्हा तो रीतसर प्रवेशविधी होता! स्कॉटलंडमध्ये याच शब्दापासून पहिल्या वर्षाचा ‘बेजन’ आला. पुढे सेमी, टर्शियन आणि शेवटच्या वर्षी मॅजिस्ट्रँड. केंब्रिजमध्ये फ्रेशमननंतर ज्युनिअर आणि सीनिअर ‘सोफिस्टर’, म्हणजे वादविवाद करू शकणारा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ही नावे आजही चालतात.

इथवर गंमत वाटते, कारण ही नावे वर्षागणिक गळून पडतात. आजचा बेजन उद्याचा मॅजिस्ट्रँड असतो.

पण त्याच आवारात नावांची दुसरी उतरंडही होती. केंब्रिजमध्ये वर नोबलमन आणि फेलो-कॉमनर, मध्ये पेन्शनर, तळाशी सायझर. ऑक्सफर्डमधल्या तळच्याला सरळ ‘सर्व्हिटर’च म्हणत. हा विद्यार्थी इतरांची कामे करायचा, ताटे वाढायचा, वरिष्ठांच्या टेबलावर उरलेले खायचा. सरदारपुत्राच्या टोपीला सोनेरी गोंडा असे आणि पदवीसाठी त्याला परीक्षेची सक्ती नव्हती. गुणवत्तेचे गोडवे गाणाऱ्यांनी हे जरा दोनदा वाचावे.

१६६१ मध्ये न्यूटन ट्रिनिटीत आला तो सबसायझर म्हणून. आई जमीनजुमला असलेली, तरी मुलाला हात आखडून पैसे देणारी. १६६४ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा कुठे त्याची या नावातून सुटका झाली.

हे आणि जात एकच, असे मी म्हणत नाही. सायझरचा स्पर्श विटाळ मानला जात नव्हता आणि पुढे तो फेलोही होऊ शकत होता. पण वर्षाचे नाव आणि दर्जाचे नाव यांतला फरक आपल्याला इथे नीट दिसतो. आपल्या होस्टेलात ‘फर्स्ट इयरवाला’ हे नाव वर्षभरात संपते. ‘कोट्यातला’ हे नाव कितव्या वर्षी संपते?

त्या गोंड्याला इंग्रजीत ‘टफ्ट’ म्हणत आणि सरदारपुत्रांमागे लाळ घोटत फिरणाऱ्यांना ‘टफ्ट-हंटर’. हा शब्द मात्र गोंडेवाल्यांनी काढला नसावा.