कुंडीतील मिरची
ठाणे व कल्याण-डोंबिवली या शहरांत घराच्या आत, गॅलरीत किंवा खिडकीत मिरचीचे झाड वाढविण्याची प्रथा. मिरची (कुल – सोलॅनेसी; शास्त्रीय नाव कॅप्सिकम ॲन्यूम) मूळची मेक्सिको व मध्य अमेरिका या प्रदेशांतील असून कोलंबसाच्या सफरींनंतर ती युरोपात व पुढे पोर्तुगीजांमार्फत भारतात आली. त्यापूर्वी येथील तिखटपणा मिरी, पिंपळी व आले यांचा होता. मिरीवरूनच नवागत फळास मिरची हे नाव मिळाले. मुंबईच्या बाजारात तिला ‘गोवाई मिर्ची’ असेही म्हणत. पुढे ती इतकी रुळली, की मीठमोहऱ्यांबरोबर दृष्ट काढण्यासही लाल मिरच्याच लागू लागल्या.

कुंडीतील मिरचीचा पहिला उल्लेख करण्याजोगा दाखला मात्र जर्मनीतील आहे. लेओनहार्ट फुक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ च्या ग्रंथात तिचे चित्र देऊन तिला कालिकतची मिरी म्हटले आणि लोक ती मातीच्या भांड्यांतून लावतात, असे नमूद केले. तेथे थंडीमुळे मिरची कुंडीत आली. ठाणे-कल्याण भागात ती आली जागेच्या टंचाईमुळे.

गुजरातच्या बहादुरशाहाने १५३४ मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला व ठाणे १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिले. नव्या जगातील पिकांना या किनाऱ्यावर शिरकाव मिळण्यास ही दोन शतके पुरेशी होती. जुन्या घरांत मिरचीची दोन-चार झाडे परसात, न्हाणीच्या पाण्यावर असत. दिवसभराचे ऊन, शेणखत, मोकळा वारा व पाण्याचा निचरा या चारही गोष्टी तेथे आपोआप मिळत. त्यामुळे तिची निगा हा वेगळा विषयच नव्हता.

१६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी ठाण्यास व १८५४ मध्ये कल्याणास पोहोचली आणि मुंबईत नोकरी करणाऱ्यांची वस्ती या मार्गावर वाढत गेली. वाड्यांच्या जागी चाळी आल्या, परसू गेले. १९६३ च्या मालकी सदनिकांविषयीच्या कायद्यानंतरच्या दशकांत तीनचार मजली इमारतींचे प्रमाण वाढले, विशेषतः डोंबिवलीत, आणि मिरची वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यातून गॅलरीत आली. पुढे खोली वाढविण्यासाठी गॅलऱ्याही आत घेतल्या गेल्या व झाड खिडकीबाहेरील लोखंडी जाळीत गेले. प्रत्येक स्थलांतरात त्याचे ऊन कमी झाले. झाड रोगट झाले असे म्हणतात, तेव्हा पुष्कळदा दोष घराच्या दिशेचा असतो.

ही शहरे सु. १९·२° उत्तर अक्षांशावर आहेत. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो; म्हणून दक्षिणेकडील खिडकीत त्या काळात थेट ऊन जवळजवळ येतच नाही. डिसेंबरात मात्र सूर्य दुपारी सु. ४७° उंचीवर असल्याने त्याच खिडकीतून ऊन खोलवर आत येते. मिरचीस रोज पाचसहा तास ऊन लागते. ते न मिळाल्यास खोड लांबट व नाजूक होते, पाने फिकट पडतात. अशा झाडास पाणी वाढविणे ही नेहमीची चूक होय. कमी उजेडात झाड पाणी कमी शोषते, माती ओली राहते व मुळे कुजतात. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे; कुंडी २५ ते ३० सेंमी. खोल व तळाशी भोक असलेली असावी.

फुले गळण्याची कारणे वेगळी आहेत. तापमान ३५° से. च्या वर गेल्यास फळधारणा घटते. मिरचीत स्वपरागण होते. पण परागकण झडण्यास वाऱ्याचा हलकासा हेलकावा उपयोगी पडतो. बंद खोलीत तो मिळत नसल्याने फुलोऱ्याच्या दिवसांत फांदी बोटाने हलवावी किंवा पंखा लावावा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात २०२१ मध्ये मिरची पिकविली, तेव्हाही परागणासाठी पंख्यांचा वापर केला होता. तेथील ऊन म्हणजे प्रकाशी डायोडांचे दिवे. अशा दिव्यांनी अंधाऱ्या सदनिकेतही झाड वाढते, मात्र दिवा जवळ व बारा तासांहून अधिक काळ लागतो.

पाने वळून आखूड होण्याच्या विकृतीस चुरडामुरडा म्हणतात. फुलकिडे, कोळी व पांढऱ्या माशीने पसरणारे विषाणू ही तिची कारणे होत. उघड्यावर पावसाने किडी काही प्रमाणात धुऊन जातात. छपराखाली तसे होत नाही. म्हणून पानांच्या मागील बाजूवर पाण्याचा फवारा मारणे व निंबोळी तेल वापरणे हितावह असते. विषाणूग्रस्त झाड मात्र उपटावे.

जाळीवर व गच्चीवर भार कमी पडावा म्हणून मातीत पालापाचोळ्याचे खत व नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळतात. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी रसवंतीतील उसाची चिपाडे वापरून गच्चीवर भाजी पिकविली. श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४–२००१) यांच्या ‘प्रयोग परिवारा’नेही घरच्या कचऱ्यातून माती घडविण्याचा विचार शहरांत रुजविला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण कीर्ती’ व राहुरीचा झुपक्यांनी फळणारा ‘फुले ज्योती’ हे वाण महाराष्ट्रात लावले जातात. घरात मात्र बहुधा वाळक्या लाल मिरचीतले बीच पेरतात.

शेतात मिरची हंगामी पीक म्हणून घेत असले, तरी स्वभावतः ती बहुवर्षायू आहे. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात फांद्या छाटून खत दिल्यास दक्षिणेच्या खिडकीत परतलेल्या उन्हावर तेच झाड पुन्हा फुटते व दोनतीन वर्षे फळे देते.