दोन शिलिंग आठ पेन्सचे वाचन

मार्च महिना जवळ आला की आपल्या धर्मग्रामातील घराघरांतून मुलांच्या मोठ्याने वाचण्याचे सूर ऐकू येऊ लागतात. धर्मग्रामाच्या सभागृहात चालणाऱ्या अभ्यासवर्गात आम्हीही काही वर्षे मुलांकडून असे वाचन करून घेत आलो आहोत. तेथे एकदा एका मुलाने आम्हाला धडा घडाघडा वाचून दाखविला. बोट ओळीवरून फिरत होते, स्वल्पविरामाला विराम होता. मात्र पुस्तक उघडे होते ते दोन पाने पुढे! तोच उघडा धडा वाच म्हटल्यावर पहिल्याच जोडाक्षराशी तो अडला. आम्ही त्याला रागावलो नाही. कारण परीक्षेसाठी तो धडा दहा वेळा म्हणवून घेणारे आम्हीच होतो.

हा रोग नवा नाही. इंग्लंडमध्ये १८५८ साली नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने १८६१ मध्ये अहवाल दिला, की सरकारी मदत घेणाऱ्या शाळांतूनही पुष्कळ मुले नीट वाचायला न शिकताच बाहेर पडतात. शिक्षणखात्याची सूत्रे तेव्हा रॉबर्ट लो यांच्या हाती होती. करदात्याचा पैसा मोजून द्यावा आणि त्याचे फळही मोजून घ्यावे, असा त्यांचा खाक्या. त्यातून १८६२ ची सुधारित नियमावली जन्माला आली. सरासरी उपस्थितीवर दर मुलामागे चार शिलिंग आणि पुरेसे दिवस हजर राहिलेल्या, सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागे आणखी आठ शिलिंग, असे अनुदान ठरले. या आठ शिलिंगांचे तीन सारखे भाग: वाचन, लेखन आणि अंकगणित. सरकारी निरीक्षकासमोर मूल वाचनात नापास झाले, की शाळेचे दोन शिलिंग आठ पेन्स बुडाले.

परीक्षेच्या सहा पायऱ्या होत्या. पहिलीला एकावयवी शब्दांची गोष्ट, तिसरीला शाळेच्या वाचनपुस्तकातील छोटा परिच्छेद, पाचवीला कवितेच्या काही ओळी आणि सहावीला वर्तमानपत्रातील साधा मजकूर. योजना कागदावर शहाणपणाची दिसते, आणि तिचा हेतूही वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. गरिबाच्या मुलालाही वाचता आलेच पाहिजे, हा आग्रह त्यात होता. पण शिक्षकाच्या पोटाशी परीक्षा बांधली गेली. वाचनपुस्तक शाळेचेच असल्यामुळे तेच एक पुस्तक वर्षभर घोकले जाऊ लागले. सरकारचा खर्च मात्र उतरला. १८६१ मध्ये सुमारे ८ लाख १३ हजार पौंड असलेले अनुदान १८६५ मध्ये सुमारे ६ लाख ३७ हजारांवर आले.

कवी म्हणून प्रसिद्ध असलेले मॅथ्यू अर्नोल्ड १८५१ पासून १८८६ पर्यंत शाळानिरीक्षक होते. सरकारचेच नोकर असूनही त्यांनी १८६२ मध्येच या नियमावलीविरुद्ध लेख लिहिला आणि पुढे आपल्या अहवालांतूनही तेच गाऱ्हाणे मांडले. वाचनात उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या हाती अनोळखी पुस्तक दिले तर त्याला ते वाचता येईलच असे नाही. उलट परीक्षेच्या धाकाने त्याच्या वाचनाचा परीघ मात्र आक्रसतो, असे त्यांचे निरीक्षण होते.

कॅथलिक शाळांची ओढाताण तर अधिकच. आयर्लंडच्या दुष्काळानंतर इंग्लंडच्या शहरांत आलेल्या गरीब आयरिश कुटुंबांची मुले त्यांत शिकत. १९०२ च्या कायद्यापर्यंत या शाळांना स्थानिक करातून साहाय्य नव्हते. फी, रविवारची वर्गणी आणि हे अनुदान यांवरच सारा डोलारा उभा. त्यामुळे एखादे मूल अडखळले, तर त्याची झळ धर्मग्रामाच्या तिजोरीला लागे. आणि ज्या धर्मशिक्षणासाठी लोकांनी पोटाला चिमटा घेऊन या शाळा उभारल्या, त्याला या हिशेबात एक पेनीही मोल नव्हते.

ही पद्धत समुद्र ओलांडून आपल्या दारीही आली. १८६० च्या दशकाच्या मध्यास मुंबई इलाख्यात निकालानुसार अनुदान देण्याचे नियम लागू झाले. मिशनऱ्यांच्या शाळाही त्यांत आल्या. १८८२ च्या हंटर आयोगाने महाविद्यालयांना ही पद्धत लावू नये म्हटले. पण प्राथमिक शाळांसाठी तिचाच पुरस्कार केला. याच आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकाला निदान बारा रुपये पगार असावा अशी मागणी केली होती. शिक्षकाचे पोट आधी भरा, हा त्यांचा रोख आम्हाला आजही मोलाचा वाटतो. इंग्लंडने १८९० नंतर ही नियमावली सैल करीत १८९७ पर्यंत मोडीत काढली. हिंदुस्थानात १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने तिच्याकडे पाठ फिरविली. पद्धत गेली, शब्द राहिला. ‘आमची मुलगी चौथी स्टँडर्डला आहे’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा तो शब्द लो यांच्या त्या सहा पायऱ्यांवरूनच उतरत आलेला असतो.

चाचणीच नको, असे मात्र आम्हाला वाटत नाही. २००५ पासून आपल्या देशात ‘असर’ या पाहणीचे कार्यकर्ते खेड्यापाड्यांतील घरी जाऊन मुलांसमोर अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतात. मजकूर मुलाच्या पुस्तकातला नसतो, आणि मूल अडले तर कुणाचा पगार कापला जात नाही. वरच्या इयत्तांतील कितीतरी मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, हे त्यामुळेच उघडकीस आले.

लो यांच्या सहाव्या पायरीतील वर्तमानपत्राची कल्पना मात्र आम्ही उचलली. त्या मुलाचे पाठ्यपुस्तक मिटवून त्याच्यापुढे रविवारचे धर्मग्रामपत्रक ठेवले. विवाहाच्या घोषणा होत्या. तो अक्षर अक्षर जुळवीत दोन ओळी वाचून थांबला, पुन्हा मागे गेला, आणि एकदम मान वर करून म्हणाला, “सर, ही तर आमच्या शेजारची ताई!” मग उरलेल्या साऱ्या घोषणा त्याने न सांगता वाचून काढल्या.