तुळईच्या पाठीवरील साक्ष

जुना वाडा पाडतांना नक्षीचे खांब संग्राहक उचलतात. तुळया व फळ्या मात्र जळणांत जातात. आमच्या मतें हा अस्सल साधनांचा नाश होय. बलुत्यांच्या कागदांत सुताराचा हक्क सांपडतो, त्याच्या हाताची रीत सांपडत नाहीं. ती लांकडावर उमटलेली असते. वाकसाचे घाव उथळ व वाटीसारखे दिसतात. हातकरवतीच्या रेघा सरळ, परंतु कमीअधिक अंतराच्या. यंत्राच्या गोल करवतीच्या रेघा कमानदार. दर्शनी बाजूवर रंधा फिरला कीं या खुणा जातात. म्हणून झांकलेली बाजू तपासावी.

धारेला खांडा पडला असल्यास प्रत्येक घावांत तेथें लांकडाची बारीक उंच रेघ राहते. निसण्यावर पातें पाजवून खांडा जाईपर्यंत ती उमटतच राहते. दोन तुळयांवर अशा रेघांची ठेवण तंतोतंत जुळली, तर त्या एकाच हत्याराखालून, दोन पाजवण्यांच्या दरम्यान गेल्या, असें बळकट अनुमान निघतें.

पुण्याच्या शनिवारवाड्याचें लांकूड इ. स. १८२८ च्या आगींत गेलें. तें आतां वाचतां येणार नाहीं. जें उरलें आहे, त्याची पाठ पाहिल्यावांचून तें चुलींत जाऊं देऊं नये, एवढीच आमची संग्राहकांस विनंति आहे.