विक्री तंबाखूची, शिक्षा सोडतीला

न्यूयॉर्क राज्याने १९६७ साली सरकारी सोडत काढली व १९९२ साली अल्पवयीनांना तंबाखू विकण्याविरुद्ध कायदा केला. त्या कायद्याचा दंडक असा: एका गुन्ह्यास दोन दोषांक, ३६ महिन्यांत तीन भरले की तंबाखूची नोंदणी व सोडतीचा परवाना, दोन्ही निलंबित. विकणाऱ्या नोकराला रीतसर शिक्षण मिळालेले असेल, तर दोषांक एकच. गल्ल्यावरचा नोकर आमच्यातलाच, म्हणून मला हे कलम मोलाचे वाटते. मालकाने शिकवले नाही, तर तोटा मालकाचा!

घोडे अडते ते कागदापाशी. गुन्हा पकडणार आरोग्याधिकारी, नोंदणी करखात्याकडे, परवाना सोडतखात्याकडे. हुकूम वाटेत रेंगाळला तर तिकिटे खपतच राहतात, आणि ती कमाई सरकारचीच. या खात्यांचे दप्तर तपासण्याचा अधिकार तेथे लोकांनी निवडून दिलेल्या हिशेबतपासनिसाला आहे.