शेतमाल, न विकला गेलेला : विल्हेवाटीची नोंद

न विकला गेलेला, नासलेला किंवा भाव उतरल्याने टाकून दिलेला भाजीपाला, फळे आणि कांदा यांचे पुढे काय झाले, याची लेखी नोंद. ती कोणत्याही एका कायद्यात सांगितलेली नाही. बाजार समिती, कर, कचरा आणि पीकविमा यांच्या निरनिराळ्या नियमांत ती विखुरलेली आहे. सोनारीसारख्या (ता. परंडा, जि. धाराशिव) गावातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला तिचा फार थोडा भाग येतो. काळभैरवनाथाच्या या गावाला परंडा, बार्शी आणि सोलापूर हे बाजार आहेत.

शेतकऱ्याच्या हाती येणारा मुख्य कागद म्हणजे अडत्याची हिशोबपट्टी. तिच्यावर वजन आणि भाव असतो, तशीच हमाली, तोलाई व मोटारभाड्याची कपातही असते. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरला 512 किलो कांदा नेला. किलोला 1 रुपया भाव लागला, 509 रुपये 50 पैसे खर्चात कापले गेले आणि त्याच्या हाती 2 रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा, धनादेश पडला. दप्तरी हा माल ‘विकला गेला’ अशीच नोंद झाली.

या नोंदीला पुढे किंमतही आली. 1 फेब्रुवारी ते 31 मार्च 2023 या काळात विकलेल्या कांद्याला राज्य शासनाने क्विंटलला 350 रुपये, शेतकऱ्यामागे 200 क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. अर्जासोबत विक्रीपट्टी आणि कांद्याची नोंद असलेला सातबारा मागितला गेला. गाडीभाडेही सुटणार नाही म्हणून ज्याने उभ्या कांद्यावर नांगर फिरवला, त्याच्याकडे पट्टी असणार कुठून? अधिक नुकसान झालेला शेतकरी अशा रीतीने हिशोबाबाहेर राहिला. पट्टीअभावी पंचनामा करून तो ग्राह्य धरला असता, तर हा अन्याय टळला असता.

पंचनामा होतो तो आपत्तीचा. अतिवृष्टी, गारपीट किंवा पूर आला, जसा सप्टेंबर 2025 मध्ये परंडा व भूम तालुक्यांत आला, की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक संयुक्त पाहणी करतात. मदतीसाठी पिकाचे 33 टक्के वा त्याहून अधिक नुकसान लागते. भाव कोसळल्याने फेकलेल्या मालासाठी अशी पाहणी नाही. काढून शेतात सुकत घातलेले पीक पावसाने नासले, तर पीकविम्यात 14 दिवसांचे संरक्षण होते आणि 72 तासांत कळवावे लागे. महाराष्ट्राने खरीप 2025 पासून हे संरक्षण वगळले.

व्यापाऱ्याची बाजू अधिक स्पष्ट आहे. वस्तू व सेवा कराच्या 2017 च्या नियमांतील नियम 56 प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने साठ्याच्या हिशोबात हरवलेला, नष्ट केलेला, निर्लेखित केलेला आणि फुकट दिलेला माल दाखवायचा असतो. मात्र ताज्या भाजीवर हा कर नाही, आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. म्हणून भाजीबाजारातले बरेच नासके क्रेट कोणत्याच वहीत चढत नाहीत.

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी दिवसाला सरासरी 100 किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवले. बाजार संघटनांनी ओला कचरा वेगळा करावा, शक्यतो आवारातच त्याचे खत किंवा गॅस करावा, असे त्यांत होते. खेड्यांना हे नियम सरसकट लागू नव्हते. राज्याने अधिसूचित केलेली तीर्थक्षेत्रे मात्र त्यांच्या कक्षेत येत.

उपयोगी नोंदीत तारीख, पीक, काट्यावरचे वजन आणि टाकण्याचे कारण हवे. नासला आणि भाव नाही, ही दोन कारणे कधीही एका रकान्यात मिसळू नयेत. पहिल्याचा उपाय साठवणुकीत आहे, दुसऱ्याचा बाजारात. माल खड्ड्यात गेला, जनावरांपुढे टाकला की कुणी नेला, हेही लिहावे आणि नेणाऱ्याची सही घ्यावी. चाळीतल्या कांद्याचे वजन वाळूनही घटते. ती घट सडलेल्या मालात धरू नये.

धाराशिव जिल्ह्यातल्याच हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा भाव न मिळालेल्या टोमॅटोंची आहे. शाळेच्या पुस्तकातून ती महाराष्ट्रभर वाचली गेली. तसा टोमॅटो किती मण तुडवला गेला, हे सांगणारा रकाना मात्र बाजाराच्या पट्टीत नाही.